भात्यावर चालणारी मोटार

महाराष्ट्रांतील कोणत्याहि शहराच्या हमरस्त्यावर घटकाभर उभें राहिलें असतां एक फरक सहज ध्यानांत येतो. पूर्वीं घरगुती मोटार म्हटली म्हणजे पुढें नाक, मध्यें माणसांची बैठक व मागें सामानाची पेटी अशी बसकी आकृति डोळ्यांपुढें उभी राही. आतां तिची जागा एका निराळ्याच गाडीनें घेतली आहे. ही गाडी उंच असते, तिचें कपाळ रुंद असतें, चाकें मोठीं असतात व पोट जमिनीपासून बरेंच वर असतें. परंतु तिची लांबी मात्र बेताचीच. बाजारांत तिला कॉम्पॅक्ट एस्. यू. व्ही. म्हणतात, आणि विक्रेत्याच्या बोलण्यांत तिच्या इंजिनासंबंधानें 'टर्बो' हा शब्द दर दोन वाक्यांआड येतो. घर आणि लग्नकार्य यांच्या खालोखाल मध्यम स्थितींतील कुटुंबाचा सर्वांत मोठा खर्च आज या गाडीवर होतो. ज्या वस्तूवर इतका पैसा घालावयाचा आणि जिच्या हवालीं घरांतील लहानथोरांचे जीव करावयाचे, तिचा स्वभाव जाणून घेणें हें मालकाचें पहिलें कर्तव्य होय.

या गाडीशीं महाराष्ट्राचा संबंध केवळ ग्राहकाचा नाहीं. टाटांची नेक्सॉन २०१७ सालीं बाजारांत आली, ती पुण्याजवळच्या रांजणगांवीं तयार होते. महिंद्रांची एक्स्. यू. व्ही. थ्री एक्स् ओ ही नाशकास बनते. स्कोडा कंपनीनें २०२४ च्या अखेरीस आणलेली कायलाक चाकण येथें बनते, आणि ह्युंदाईनें आपल्या व्हेन्यू गाडीची नवी आवृत्ति २०२५ सालीं तळेगांवच्या कारखान्यांतून बाहेर काढली. म्हणजे पुण्याभोंवतालचा टापू व नाशिक येथील कामगारांच्या हातांखालून या जातीच्या असंख्य गाड्या देशभर जातात. असें असूनहि ती गाडी चालते कशी व चालवावी कशी, याविषयीं तिच्या मालकांत पुष्कळ अज्ञान आढळतें.

प्रथम तिच्या आखूडपणाचें कारण पाहूं. तें रस्त्यांत नसून कायद्यांत आहे. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पांत लहान मोटारींवरील अबकारी कर शेंकडा २४ वरून १६ वर आणण्यांत आला. लहान मोटार कोणती, तर जिची लांबी ४ मीटरांपेक्षां अधिक नाहीं आणि जिचें पेट्रोल-इंजिन १,२०० घन सेंटिमीटरांच्या आंत आहे ती. पुढें २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला, तरी ही मर्यादारेषा कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर ती अधिकच ठळक झाली. त्या दिवसापासून या मर्यादेंतील गाडीवर शेंकडा १८ व मर्यादेबाहेरील गाडीवर शेंकडा ४० कर लागूं झाला. समजा, एका गाडीची करापूर्वींची किंमत ८ लाख रुपये आहे. ती मर्यादेच्या आंत असेल तर कर १ लाख ४४ हजार; दोन बोटें जरी लांब असली तरी ३ लाख २० हजार. दोन बोटांची किंमत पावणेदोन लाखांहून अधिक! मग कारखानदारानें गाडी ३ मीटर ९९ सेंटिमीटरांवर आणून ठेविली तर त्यांत नवल तें काय?

लांबीचा प्रश्न शेपूट कापून सुटला. पण इंजिनाचा कसा सुटावा? गाडी उंच, अंगानें भरदार, पांच माणसें व त्यांचें सामान घेऊन तिनें घाट चढावा अशी अपेक्षा. आणि इंजिन मात्र लहान. या अडचणींतून वाट काढावयास कारखानदारांनीं जें साधन हातीं घेतलें, त्याचें नांव टर्बोचार्जर.

इंजिनाची शक्ति पेट्रोलांत असते ही समजूत अर्धीच खरी आहे. चुलींत लांकूड कितीहि कोंबलें तरी हवेवांचून ती पेटत नाहीं, धुमसते मात्र. एक लिटर पेट्रोल पुरतें जाळावयास सुमारें ११ किलो, म्हणजे जवळ जवळ ९,००० लिटर हवा लागते. इंजिनांत पेट्रोल अधिक सोडणें सोपें आहे. कठीण आहे तें त्याच्या जोडीला हवा पुरविणें. साधें इंजिन आपल्या दट्ट्याच्या ओढीनें बाहेरची हवा आंत घेतें. जेवढें त्याचें पोट, तेवढाच त्याचा श्वास. म्हणून पूर्वीं अधिक शक्ति हवी असेल तर अधिक मोठें इंजिन करावें लागे.

लोहाराच्या भट्टीजवळ बसून ज्यानें काम पाहिलें आहे त्याला पुढची युक्ति सांगावयास नको. भट्टी तीच, कोळसा तोच. पण भाता चालूं झाला कीं लोखंड पाहतां पाहतां लाल होतें. टर्बोचार्जर हा इंजिनाचा भाता आहे. प्रश्न एवढाच कीं, भाता ओढावयाचा कोणीं? येथें इंजिनियरांनीं मोठी काटकसर साधली आहे. जळून झालेला वायु इंजिनांतून अत्यंत तप्त स्थितींत व मोठ्या जोरानें बाहेर पडतो. साध्या गाडींत ही शक्ति धुराड्यावाटे फुकट जाते. टर्बोच्या गाडींत या वायूच्या वाटेवर पाणचक्कीसारखें एक लहानसें चक्र बसविलेलें असतें. वायूच्या लोटानें तें फिरतें. त्याच्याच आंसाच्या दुसऱ्या टोंकास तसेंच दुसरें चक्र असतें. तें बाहेरची स्वच्छ हवा ओढून, दाबून इंजिनांत ढकलतें. म्हणजे धुरानेंच भाता ओढावयाचा आणि भात्यानें पुन्हां आग फुलवावयाची. ही चक्रें मुठीच्या आकाराचीं असतात. पण पूर्ण जोरावर असतां त्यांचे फेरे मिनिटास दीड-दोन लाखांपर्यंत जातात.

या भात्याचें फळ किती, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. मारुती सुझुकीचीं ९९८ घन सेंटिमीटरांचीं दोन पेट्रोल-इंजिनें आहेत. टर्बो नसलेलें सुमारें ६७ अश्वशक्ति देतें. टर्बो असलेलें सुमारें १००. पोट तेंच, श्वास मात्र दीडपट. शिवाय चाकांना पिळणारा जो जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो कमी फेऱ्यांवरच हातीं येतो. वर सांगितलेल्या कायलाकचें ९९९ घन सेंटिमीटरांचें इंजिन १७८ न्यूटन-मीटरांचा आपला सर्वाधिक जोर मिनिटास १,७५० फेऱ्यांपासूनच देऊं लागतें. भरल्या गाडीनें चढ चढतांना याच जोराचा उपयोग होतो.

ही कल्पना आजची नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या स्विस इंजिनियरानें १९०५ सालींच तिच्या पेटंटासाठीं अर्ज केला होता. तिची खरी परीक्षा झाली ती विमानांत. उंच गेलें कीं हवा विरळ होते व इंजिनाचा जीव गुदमरूं लागतो. फ्रान्समध्यें ऑगस्त रातो यानें पहिल्या महायुद्धाच्या काळांत विमानाच्या इंजिनांस असे भाते जोडून पाहिले. अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें १९१८ सालीं लिबर्टी नांवाचें विमान-इंजिन पाइक्स पीक या सुमारें १४,००० फूट उंचीच्या डोंगरावर नेऊन भात्याचा प्रभाव सिद्ध केला. घरगुती मोटारींत टर्बो प्रथम १९६२ सालीं अमेरिकेंत आला. परंतु तीं यंत्रें नाजूक ठरलीं. हवा, पेट्रोल व ठिणगी यांचा हिशेब क्षणोक्षणीं ठेवणारा संगणक गाडींत येईपर्यंत हा भाता सर्वसामान्य माणसाच्या हातीं देण्याजोगा नव्हता. भारतांत २०१३ सालीं फोर्ड कंपनीनें इकोस्पोर्ट ही चार मीटरांच्या आंतील गाडी एक लिटरच्या टर्बो पेट्रोल-इंजिनासह आणली, तेव्हां लहान इंजिन व उंच गाडी यांचा हा मेळ येथील ग्राहकाच्या प्रथम नजरेस आला.

विमानाला जें उपकारक तें घाटवाटेलाहि उपकारक आहे. महाबळेश्वराच्या उंचीवर हवा समुद्रकांठच्या मानानें सुमारें आठव्या हिश्श्यानें विरळ असते. साध्या इंजिनाची शक्ति त्याच प्रमाणांत घटते. लेहसारख्या ठिकाणीं तर ती जवळ जवळ एकतृतीयांशानें कमी होते. टर्बो ही तूट बऱ्याच अंशीं भरून काढतो. अर्थात् भात्यालाहि मर्यादा आहे. दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेनें पेट्रोल वेळेपूर्वींच भडकण्याचा संभव असतो. म्हणून ती हवा इंजिनांत शिरण्यापूर्वीं एका जाळीदार पेटींतून नेऊन थंड करितात. तिला इंटरकूलर म्हणतात. दाब प्रमाणाबाहेर वाढूं लागला तर धुराला चक्राच्या बाजूनें निसटून जाऊं देणारी एक झडपहि असते. इतकें सर्व झांकणाखालीं चाललेलें असतें, आणि चालकास त्याची वार्ताहि नसते.

परंतु एका गोष्टीची वार्ता त्याला अवश्य असली पाहिजे. भाता ओढल्याबरोबर ज्वाळा उठत नाहीं. मध्यें क्षणभर जातो. टर्बोच्या गाडींतहि पेट्रोलची कळ दाबल्यापासून धुराचा लोट वाढेपर्यंत, चक्र वेगास येईपर्यंत आणि हवेचा दाब चढेपर्यंत कांहीं अवकाश लागतो. हल्लींच्या लहान चक्रांमुळें तो पूर्वींपेक्षां पुष्कळ कमी झाला असला, तरी नाहींसा झालेला नाहीं. गाडी मंद गतीनें व वरच्या गिअरमध्यें जात असेल तर तो विशेष जाणवतो. शहरांत याची फारशी बाधा नाहीं. पण दुपदरी रस्त्यावर पुढचा मालमोटार ओलांडावयास निघालेल्या चालकाची गोष्ट निराळी. ताशीं ६० किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. समोरून येणारे वाहन व स्वतःची गाडी दोन्हीं ताशीं ८० नें धांवत असतील, तर त्यांमधील अंतर दर सेकंदाला ४४ मीटरांनीं तुटतें. अशा वेळीं जोर येण्याची वाट पाहाण्यांत गेलेला एक सेकंद फार महाग पडतो. त्यांतून टर्बोचा जोर एकदां आला कीं तो लोंढ्यासारखा येतो. आधीं कांहींच नाहीं आणि मग एकाएकीं पुष्कळ, यामुळें नवखा चालक गडबडतो. म्हणून ओलांडण्याचा विचार मनांत येतांच, मालमोटारीच्या मागें असतांनाच, खालचा गिअर घालून इंजिनाचे फेरे दोन-अडीच हजारांवर आणावे. समोरचा रस्ता डोळ्यांना पुरता मोकळा दिसला तरच बाहेर पडावें. गाडीच्या शक्तीचा भरंवसा रस्त्याच्या मोकळेपणाची जागा घेऊं शकत नाहीं.

चढावरहि हाच नियम. कमी फेऱ्यांवर वरच्या गिअरनें इंजिन कण्हत कण्हत चढविणें ही जुनी पेट्रोल वांचविण्याची संवय टर्बोच्या इंजिनास मानवत नाहीं. अशा वेळीं इंजिनांत दाब फार व फेरे थोडे असतात. त्यामुळें अवेळीं भडका उडून दट्ट्यास धक्के बसण्याचा धोका असतो. वरंध किंवा आंबोलीचा घाट चढतांना एक गिअर खालचा ठेवून मोकळ्या श्वासानें इंजिन चालूं द्यावें, यांतच त्याचें आरोग्य आहे.

उतार हा तर चढापेक्षांहि कठीण परीक्षक. पांच माणसांसह या गाडीचें वजन सुमारें १,६०० किलो भरतें. खंडाळ्याहून खोपोलीकडे ती सुमारें ५०० मीटर खालीं उतरते. त्या उताराची सर्व शक्ति ब्रेकांच्या उष्णतेंत गेली असें धरलें, तर तेवढ्या उष्णतेवर वीस-बावीस लिटर थंड पाणी उकळीस येईल. हवेच्या व टायरांच्या घर्षणांत कांहीं भाग जातो हें खरें. पण उरलेला ब्रेकांनींच सोसावयाचा असतो. ब्रेक अतिशय तापले कीं त्यांची पकड सैल होते, आणि पाय दाबूनहि गाडी आटोक्यांत येत नाहीं. त्यांना साह्य करावयाचें तें इंजिनानें. पण एक लिटरचें लहान इंजिन उतारावर मोठ्या इंजिनाइतकें गाडीस धरून ठेवीत नाहीं. भाता चढावर कामाचा, उतारावर तो स्वस्थ असतो. म्हणून ज्या गिअरनें घाट चढला असता त्याच्याच आसपासच्या गिअरनें उतरावें हा जुना दंडक या गाडीस दुप्पट लागूं पडतो. स्वयंचलित गिअरची गाडी असेल तर हातानें खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय तींत बहुधा असते. ती कोठें आहे हें सपाटीवरच शिकून घ्यावें. न्यूट्रलमध्यें गाडी सोडून देणें, अगर इंजिन बंद करून पेट्रोल वांचविणें, हा शुद्ध आत्मघात आहे. इंजिन बंद पडलें कीं ब्रेकांस व सुकाणूस मिळणारी यांत्रिक मदतहि लवकरच संपते.

पेट्रोलच्या खर्चाविषयीं नव्या मालकाची बहुधा निराशा होते. विक्रीच्या वेळीं सांगितलेला आंकडा प्रयोगशाळेंतील ठराविक परीक्षेचा असतो. शहरांतील गर्दींत तो क्वचितच हातीं लागतो. टर्बोच्या बाबतींत ही तफावत विशेष पडण्याचें कारण उघड आहे. भाता मंद असतां हें इंजिन एक लिटरचें. भाता पूर्ण चालूं असतां त्याची भूक दीड-दोन लिटरच्या इंजिनाएवढी. हलक्या पायाच्या चालकास तें काटकसरी नोकरासारखें वाटतें, आणि उतावळ्यास उधळ्या जांवयासारखें. त्यांत हल्लींच्या पेट्रोलांत शेंकडा २० इथेनॉल असतें. इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश असल्यामुळें या मिश्रणांत एकंदर सहा-सात टक्के शक्ति कमी असते. मात्र इथेनॉल अवेळीं भडकत नाहीं, हा गुण टर्बोच्या इंजिनास अनुकूल आहे. तें इथेनॉल महाराष्ट्रांतील कित्येक साखर-कारखान्यांतहि तयार होतें, तेव्हां येथील शेतकऱ्याचा ऊंसहि कांहीं अंशीं ही मोटार ओढतो असें म्हणावयास हरकत नाहीं. नव्या गाडीचा मालक या मिश्रणासाठीं निर्धास्त असावा. एप्रिल २०२३ पासून निघालेल्या गाड्यांचे भाग तें सोसतील असेच बनविलेले असतात.

आतां निगेकडे वळूं. मिनिटास लाख-दीड लाख फेरे घेणारा आंस कशावर टेकलेला असतो? तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्याच्या एका बाजूस धगधगीत धूर, दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा, आणि मध्यें केंसाएवढ्या फटींत हें तेल. तें मळलें, आटलें किंवा हलक्या प्रतीचें असलें तर प्रथम बळी पडतो तो टर्बो. आणि त्याची दुरुस्ती म्हणजे एखाद्या लहान नोकरदाराचा महिन्या-दोन महिन्यांचा पगार. म्हणून पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच तेल, सांगितलेल्या मुदतींत बदललें पाहिजे. पुष्कळ मालक किलोमीटर पुरे झाले नाहींत म्हणून दोन दोन वर्षें तेल बदलीत नाहींत. हें चुकीचें आहे. जी गाडी रोज घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाते, तिचें इंजिन कधीं पुरतें तापतच नाहीं. न जळलेलें पेट्रोल व ओलावा तेलांत उतरतो आणि तेल लांब प्रवास करणाऱ्या गाडीपेक्षांहि लवकर बिघडतें. किलोमीटर किंवा महिने, यांपैकीं जें आधीं भरेल तें प्रमाण मानावें. अशी गाडी आठ-पंधरा दिवसांतून एकदां मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास नेऊन आणणें हितकर असतें.

सकाळीं इंजिन सुरूं करतांच कळ जोरानें दाबूं नये. पहिलीं दोन-तीन किलोमीटर सौम्यपणें चालवावीं, म्हणजे तेल सर्वत्र पोंचतें. उलट, घाट चढून किंवा लांबवर वेगानें येऊन थांबल्यावर इंजिन तत्काळ बंद न करतां मिनिटभर संथ चालूं द्यावें. तेवढ्यांत तापलेलें चक्र निवतें व त्याच्या आंसावरील तेल करपत नाहीं. नव्या गाडीचीं पहिलीं हजार-दीड हजार किलोमीटर तर लहान मुलासारखीं सांभाळावयाचीं असतात; पूर्ण जोर लावूं नये, आणि एकाच वेगानें तासन्तास चालवूंहि नये. हवेची गाळणी स्वच्छ ठेवावी. ज्याचें सर्व सामर्थ्य श्वासावर अवलंबून, त्याचें नाक चोंदूं देऊन कसें चालेल?

या गाडीचें रूप पाहून होणारा एक भ्रम मात्र वेळींच दूर केला पाहिजे. उंच पोट व दणकट चेहरा यांमुळें ती रानावनांत, ओढ्यानाल्यांतून जाईल असें वाटतें. वास्तविक वर नांवें घेतलेल्या चारीहि गाड्यांत इंजिन केवळ पुढचीं दोन चाकें फिरवितें. चिखलांत त्या साध्या मोटारीहून फार वेगळ्या नाहींत. खड्डे व गतिरोधक यांवरून पोट न घांसतां जाणें, एवढाच त्या उंचीचा खरा उपयोग. पावसाळ्यांत भरून वाहणाऱ्या मोरीवर ती उंची कामास येत नाहीं. पाणी हवेच्या नळींतून इंजिनांत शिरलें तर तें हवेसारखें दाबलें जात नाहीं. दट्टा त्यावर आदळतो व आंतील दांडे वांकतात. पाण्यांत गाडी बंद पडली तर ती पुन्हां सुरूं करण्याचा मोह सर्वथा टाळावा. पहिल्यानें बंद पडण्यांत जें नुकसान झालेलें नसतें, तें पुष्कळदां दुसऱ्या प्रयत्नांत होतें. विम्यांत इंजिनाच्या अशा हानीची भरपाई बहुधा निराळें कलम घेतल्याशिवाय मिळत नाहीं. शिवाय उंच गाडीचा गुरुत्वमध्यहि उंच असतो. वळणावर बसक्या गाडीच्या वेगानें तिला नेऊं नये.

सुरक्षिततेच्या बाबतींत मात्र या जातीच्या गाड्यांनीं खरी प्रगति केली आहे. डिसेंबर २०१८ मध्यें नेक्सॉनला ग्लोबल एन्कॅप या संस्थेच्या परीक्षेंत पांच तारे मिळाले; भारतांत बनलेल्या मोटारीस असा मान मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एन्कॅप ही देशाची स्वतःची परीक्षा सुरूं झाली. परंतु या ताऱ्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. समोरच्या टकरीची परीक्षा ताशीं ६४ किलोमीटर वेगानें घेतात, आणि गाडींतील पुतळ्यांनीं पट्टे बांधलेले असतात. वेग ६० वरून ८० वर गेला कीं टकरीची शक्ति पावणेदोन पटींहून अधिक होते. पट्टा नसेल तर तारे निरर्थक होतात. मांडीवरील मुलास आई घट्ट धरील ही कल्पनाहि फोल आहे. ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी टकरींत अर्ध्या मीटरांत थांबली, तर दहा किलोच्या बालकाची ओढ सुमारें २०० किलोंची होते. जगांतील कोणत्या आईच्या हातांत तेवढें बळ आहे? पुढच्या आसनावर तर तेंच मूल फुगणाऱ्या एअरबॅगच्या तडाख्यांत सांपडतें. २०१९ सालीं सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यांत, चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्यानें अगर बाल-आसनांत सुरक्षित न बसविल्यास १,००० रुपये दंड सांगितला आहे. दंडाचें भय क्षुल्लक आहे. आठ-दहा लाखांची गाडी घेणाऱ्यानें कांहीं हजारांचें बाल-आसन घेण्यांत हात आंखडावा, हें मात्र क्षुल्लक नव्हे.

शेवटीं पैशाचा हिशेब. बहुतेक गाड्या कर्जावर घेतल्या जातात, आणि मासिक हप्ता लहान दिसावा म्हणून मुदत लांबविली जाते. समजा, ८ लाखांचें कर्ज दरसाल ९ टक्क्यांनीं घेतलें. पांच वर्षांच्या मुदतींत हप्ता सुमारें १६,६०० रुपये व एकूण व्याज सुमारें १ लाख ९६ हजार. सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारें १२,८७० वर येतो; पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जातें. महिन्याला हलकें वाटलेलें ओझें अखेर ८५ हजारांनीं जड झालेलें असतें, आणि तोंपर्यंत गाडीची किंमत निम्म्याच्या आसपास उतरलेली असते. हप्त्याखेरीज राज्याचा नोंदणी-कर, विमा, तेल, टायर हे खर्च निराळेच. नव्या मोटारीस तिऱ्हाइताच्या हानीचा तीन वर्षांचा विमा आरंभींच घ्यावा लागतो. ज्याच्या प्रवासाचा बहुतेक भाग शहरांतच होतो, क्वचितच घाट चढावयाचा असतो, त्यानें टर्बोवांचूनची साधी गाडी घेतली तर त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. तिची निगाहि सोपी. परंतु ज्याचें गांव सह्याद्रीच्या पलीकडे आहे, सणावारीं चार माणसें व त्यांचें सामान घेऊन ज्याला कोंकणांत उतरावें व पुन्हां देशावर चढावें लागतें, त्याला हा भाता खरोखर उपयोगी पडेल.

लोहाराचें कौशल्य भाता जोरानें ओढण्यांत नसतें. कोठें ओढावा व कोठें थांबावा हें जाणण्यांत असतें. नवी गाडी घरीं आली म्हणजे तिला हार घालतात, नारळ फोडतात, चाकाखालीं लिंबू ठेवतात. तें सर्व यथास्थित व्हावें. पण त्याबरोबरच त्याच आठवड्यांत एका संध्याकाळीं कप्प्यांत पडलेली तिची पुस्तिका बाहेर काढून, गाडी चालविणाऱ्या घरांतील प्रत्येकानें ती एकवार वाचावी. तेल कोणतें व केव्हां बदलावें, उतारावर खालचा गिअर कसा धरावा, मुलाचें आसन कोठें अडकवावें, या तीन गोष्टी तींतून शिकून घेतल्या तरी ती संध्याकाळ सत्कारणीं लागली असें समजावें.